हात खांद्यावर ठेवा

भुयार कुठं निघतं, हा प्रश्न मला जितक्या लोकांनी विचारला, त्यातल्या निम्म्यांनी जरी माझं नाव विचारलं असतं, तर आज सगळं वऱ्हाड मला ओळखत असतं. बाळापूर आणि पातूरच्या दरम्यान एक जुनी गढी आहे. तिथं मी चौकीदार होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याशी माझं वाजलं त्यांची नातवंडं भली माणसं आहेत, रस्त्यात दिसलो की गाडी थांबवून विचारपूस करतात. त्यांना आता कशाला ओशाळं करायचं?

तर भुयार कुठंच निघत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं शेवटपर्यंत वाट पाहू नये. कोणी म्हणे नरनाळ्याला निघतं, कोणी म्हणे बाळापूरच्या किल्ल्यात. नांदगाव खंडेश्वरहून आलेले एक पाहुणे तर शपथेवर सांगत होते की त्यांच्या आजोबांनी इथं आत सोडलेलं कुत्रं तिकडं त्यांच्या देवळामागं बाहेर आलं. मी विचारलं, तेच कुत्रं कशावरून? ते इतके रागावले की भुयार न पाहताच गेले. धन शोधणारेही यायचे. एकजण काळी कोंबडी आणि लिंबं घेऊन आला होता. त्याला म्हणालो, लिंबं बाहेर ठेव, कोंबडी घरी ने, आणि पाहायचं असेल तर चल. तो आत येऊन गेला, आणि बाहेर आल्यावर कोंबडीकडे बघून म्हणाला की बरं झालं, वाचली.

गढी बाहेरून पाहाल तर मातीचा डोंगर आणि चार पडके बुरूज. खरी गढी खाली आहे. दक्षिणेच्या बुरुजाच्या पोटात एक बुटका दरवाजा. तिथून वाट खाली उतरते, विटांनी बांधलेली आणि चुन्यानं गिलावा केलेली. ती दोनदा वळते. शत्रू आत घुसला तर त्याला सरळ गोळी झाडता येऊ नये, आणि आत स्फोट झालाच तर ज्वाळा सरळ दरवाजापर्यंत येऊ नये, म्हणून वळणं. शेवटी घुमटाची खोली, तो दारूखाना. दारू म्हणजे बंदुकीची. हे सांगितल्यावर काही पाहुण्यांचा चेहरा पडायचा. बाजूला वेढ्याच्या वेळी शिपायांनी बसायची ओटी आणि एक कोरडा हौद. एवढंच.

आता या वाटेची एक रीत होती, आणि माझी सारी नोकरी त्या रीतीपायी गेली म्हटलं तरी चालेल. दारूखान्यात दिवा नेता येत नव्हता, ठिणगी पडली की सगळं संपलं. म्हणून जुन्या काळी शिपाई आणि हमाल अंधारातच जायचे, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. माझे बापजादे या गढीच्या पहाऱ्यावर होते. पहारा वेशीबाहेर, ऊनपावसात. पण दारूची पोती आत न्यायची झाली की त्यांनाही ओळीत घ्यायचे, असं माझा बाप सांगायचा. त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. खरंखोटं मी सांगू शकत नाही.

आता तिथं दारू नव्हती आणि माझ्या हातात कंदील असायचा. तरी रीत सुटली नव्हती, कारण कंदील पुढच्याच्याच कामाचा. मागच्यांच्या पायाखाली पुढच्याची सावली पडते आणि ते अंधारातच चालतात. दुसऱ्या वळणानंतर एकदम खोल पायरी येते. पुढच्याचा खांदा खाली गेला की मागच्याच्या हाताला ते कळतं आणि तो सावध होतो. सगळं शास्त्र एवढंच. माझ्या आधी इथं रहीमचाचा चौकीदार होते. त्यांनी किल्ली हातात देताना मला एकच गोष्ट सांगितली. म्हणाले, "बेटा, बगैर हाथ रखे किसी को अंदर मत ले जाना. चाहे कलेक्टर हो."

चाचांच्या खांद्यावर सगळ्यांनी हात ठेवले होते. वकिलांनी, भटजींनी, मारवाड्यांनी. कोणाची तक्रार नव्हती. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो आणि बौद्ध होऊन परत आलो. त्यानंतर काही दिवसांत चाचा निवृत्त झाले आणि ही नोकरी मला लागली. रीत तीच, वाट तीच. खांदा तेवढा बदलला होता.

पहिली ठिणगी उडाली ती एका अमरावतीच्या वकिलांमुळे. सहकुटुंब आले होते, कपडे अगदी परीटघडीचे. दरवाजाशी मी नेहमीचं बोललो, "हात खांद्यावर ठेवा, मगच पाय उचला." वकिलांनी विचारलं, "तुम्ही कुठले?" मी म्हणालो, इथलाच. "इथले म्हणजे?" कुठले हे जो दोनदा विचारतो त्याला गाव ऐकायचं नसतं. मी म्हणालो, वेशीबाहेरचा. त्यांनी थोडा विचार केला आणि हातातली छत्री पुढं केली. म्हणाले, "असं करू. हे टोक तुम्ही धरा, मूठ मी धरतो." मी म्हणालो, "छत्री उन्हात बरी जी. आत ऊन नाही." ते परत फिरले. जाताना चहाला थांबले बापूसाहेबांकडे.

बापूसाहेब म्हणजे गावचे देशमुख. गढी एके काळी त्यांच्या घराण्याकडं होती. सरकारनं ताब्यात घेऊन दारात निळा फळा लावला तरी त्यांच्या मनातून ती गेली नव्हती. माणूस वाईट नव्हता. कॉलऱ्याच्या साथीत आमच्या वस्तीतही त्यांनी औषध पाठवलं होतं, अर्थात गड्याच्या हाती, आणि गडी ते दुरून ठेवून गेला होता. त्यांनी मला बोलावलं. मी अंगणात उभा, ते ओसरीवर.

"सुदाम, तू दरवाजा उघडत जा अन बाजूले होत जा. माया गडी पाहुण्यायले घेऊन जाईल."

"किल्ली गड्याच्या हाती देता येत नाही जी. कोणाचा पाय मोडला त जबाबदारी माई हाय."

"मंग तू पुढं जा. पाहुणे आपले मागून येतील. हात काहून ठेवा लागते?"

"रहीमचाचाच्या खांद्यावर तुमीच ठेवला होता, बापूसाहेब."

त्यांनी हातानंच मला जायची खूण केली. त्या दिवसापासून आमचं सुरू झालं.

माझा राग नुसता अशा माणसांवरच निघाला असता तर सोपं होतं. पण अकोल्याचे एक पुराणिक सर होते, शाळेत इतिहास शिकवायचे. सज्जन माणूस. मला 'सुदामराव' म्हणणारा त्या भागातला पहिला माणूस तोच. हिवाळ्यात ते पोरांची सहल घेऊन आले. सोबत सुताची एक लांब दोरी आणली होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सुदामराव, मला स्वतःला काही अडचण नाही. पण पोरं घरी जाऊन सांगतील, मग पुढच्या वर्षी सहलच बंद होईल. दोरीचं एक टोक तुम्ही धरा. पोरांना किल्ला तरी बघायला मिळेल."

मी म्हणालो, "सर, दोरी खाली-वर कळू देत नाही. आणि समजा कळू दिलं, तरी मी धरणार नाही."

"यात नुकसान पोरांचं आहे."

"हो. पण मी दोरी धरली, तर या पोरांनी आज इतिहास म्हणून काय पाहिलं असं होईल?"

सरांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. मग त्यांनी पोरांना बुरुजावर नेलं, शिदोऱ्या सोडल्या आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत गेले. एक पोरगा जाताना दरवाजाच्या फटीला डोळा लावून उभा होता, त्याला ओढून न्यावं लागलं. त्या पोरांबद्दल मला आजही हळहळ वाटते. पण आज कोणी मला परत त्या दरवाजाशी उभं केलं, तरी मी तेच बोलेन.

तिकडं बापूसाहेब गप्प बसले नव्हते. आमच्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांशी त्यांचं येणंजाणं होतं. साहेब एकदा दौऱ्यावर आले आणि मला म्हणाले की चौकीदारानं पाहुण्यांना अंगाला हात लावायची सक्ती करणं बरोबर दिसत नाही. खातं भिंतीला लोखंडी कड्या ठोकून दोर बांधून देईल. लोक दोर धरून जातील, कोणाची तक्रार राहणार नाही. आणि जाता जाता, काहीच विशेष नसल्यासारखं, म्हणाले, "तुझं पक्कं होण्याचं प्रकरण माझ्याकडंच आहे, सुदाम. मी यंदा करून टाकावं म्हणतोय."

मी तेव्हा कच्च्या नोकरीत होतो. पक्कं झालं की चौकीदाराला गढीच्या आवारातलं क्वार्टर मिळायचं. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि टिनाचं छप्पर, त्यात काही जीव टाकण्यासारखं नव्हतं. पण त्याच्या अंगणात विहीर होती. गोड पाण्याची, बारमाही, पण ज्याला क्वार्टर मिळेल त्यानंच तिथं घागर सोडायची असा खात्याचा नियम होता. गावच्या विहिरीवर आम्हाला तेव्हाही जाऊ देत नव्हते. माझी बायको कौतिका उन्हाळ्यात नदीच्या पात्रात झिरा खोदून, वाटीवाटीनं घागर भरून आणायची. त्या क्वार्टरच्या विहिरीवर तिचा किती जीव होता हे मला माहीत होतं. गढीवर माझी भाकर घेऊन आली की ती विहिरीत वाकून बघायची.

घरी मी साहेबांचं बोलणं सांगितलं. कौतिका तव्यावरची भाकर उलटायची थांबली.

"दोर बांधतात त बांधू द्या ना," ती म्हणाली. "तुमच्या खांद्याले का सोनं लागलं हाय?"

"सोनं नाई. पण दोर लागला की मी अन कंदील अडकवायचा खिळा सारखेच."

"अन मी वाळू उपसून राहिली ते?"

मी जेवलो नाही. तीही जेवली नाही. आमच्या घरात भांडण असं व्हायचं.

कड्या ठोकायचा दिवस आला. सकाळी जीप आली. साहेब, एक ओव्हरसियर, आणि अकोल्याहून आणलेला एक गवंडी, त्याच्या पिशवीत कड्या, छिन्नी, हातोडा. बापूसाहेब आधीच येऊन बसले होते. गावातली बरीच माणसं तमाशा बघायला जमली होती. आमच्या वस्तीतलीही होती, पण ती लांब, पिंपळापाशी. कौतिकाही त्यांच्यात होती.

गवंडी पाणी मागायला माझ्याकडं आला. मी माझ्याच मडक्यातलं दिलं. प्यायल्यावर त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, तुमी कोण्या वस्तीतले?" मी सांगितलं. तो हसला. त्याचं नाव तुळशीराम. तोही छप्पनला नागपूरला जाऊन आलेला होता. मला म्हणाला, "मले मजुरी भेटली म्हणून आलो. कशासाठी कड्या हायत हे ठाऊक नव्हतं." मी म्हणालो, तुझा काही दोष नाही, तू तुझं काम कर.

मग मी दरवाजात जाऊन उभा राहिलो. ओव्हरसियर म्हणाला, बाजूला हो. मी निळ्या फळ्याकडं बोट दाखवलं. त्या फळ्याला मी दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायचो. त्यावर लिहिलं होतं की या वास्तूची जो मोडतोड करील, तिच्यावर खुणा करील, तो शिक्षेस पात्र राहील.

मी म्हणालो, "साहेब, मला इथं उभं केलं ते या फळ्यासाठी. लोकांनी कोळशानं नाव लिहिलं तरी मी त्यांना धरतो. आता चुन्यात छिन्नी घालायची तर मी काय करू? तुम्ही लेखी द्या की फळा खोटा आहे. मी बाजूला होतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी खात्याचा माणूस आहे," ते म्हणाले.

"मीही खात्याचाच आहे जी. कच्चा."

कोणीतरी हसलं. साहेबांना ते लागलं असावं. पण तसं लेखी कोणता साहेब देईल? त्यांनी गवंड्याला हातोडा खाली ठेवायला सांगितलं. तेवढ्यात बापूसाहेब उठले. म्हणाले, "कड्या नको अन दोर नको. आमच्या वाडवडिलांची गढी हाय ही. आमाले का वाट दाखवायले माणूस लागते? चला साहेब, तुमाले मी दाखवतो."

मी लगेच दरवाजा उघडला. कंदील पेटवून पुढं केला. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मी कोणाला अडवत नाही. दुसऱ्या वळणानंतर खोल पायरी आहे. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवा. मला पुढं घेणार असाल तर मी येतो, तसाच, रीतीनं." मला कोणी पुढं घेतलं नाही. कंदील धरायला कोणी लागतंच, म्हणून ओव्हरसियरनं तुळशीरामाला पुढं घातलं. त्याच्यामागं बापूसाहेब, मग साहेब, मग ओव्हरसियर. चौघं आत गेले.

बाहेर मी उभा. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? नोकरीची तर होतीच, पण आत कोणी पडलं तर काय, याची जास्त. पिंपळाखाली कौतिका पदर तोंडाला लावून उभी होती. आतून पहिल्यांदा बोलणं ऐकू येत होतं. मग बोलणं थांबलं. वटवाघळं फडफडत बाहेर आली. मग कोणाचा तरी पाय घसरल्याचा आणि "अरे, अरे" असा आवाज आला, आणि परत सगळं शांत. मी एक पाय आत टाकला होता, तेवढ्यात उजेड दिसला.

पुढं तुळशीराम, हातात कंदील. त्याच्या खांद्यावर बापूसाहेबांचा हात. बापूसाहेबांच्या खांद्यावर साहेबांचा, साहेबांच्या खांद्यावर ओव्हरसियरचा. बापूसाहेबांनी हात नुसता ठेवला नव्हता, खांदा घट्ट पकडला होता. तुळशीरामाचा सदरा त्यांच्या मुठीत गोळा झाला होता. मी सांगून त्यांनी ऐकलं नव्हतं. पायरीनं सांगितलं, ते ऐकलं होतं.

तुळशीराम दरवाजाबाहेर आला आणि उन्हात थांबला. पुढं सरकला असता तर सगळं निसटून गेलं असतं. तो सरकला नाही. सगळ्या गावादेखत, बापूसाहेबांचा हात खांद्यावर असताना, त्यानं माझ्याकडं बघून आम्हा बौद्धांमधला नमस्कार घातला, मोठ्यानं, खणखणीत. मीही तितक्याच मोठ्यानं उलट घातला. पिंपळाखालून वस्तीनं घातला.

बापूसाहेबांना कळायला क्षणभर लागला. हात तिथंच होता. मग त्यांनी तो हळू काढून घेतला.

"आत दिसलं नाही," ते म्हणाले.

"दिसत नाही म्हणूनच ठेवा लागते, बापूसाहेब," मी म्हणालो.

ते काठी टेकत निघून गेले. घरी जाऊन त्यांनी अंघोळ केली म्हणतात. मी बघायला गेलो नाही. पण त्यांनी पुन्हा कधी माझी तक्रार केली नाही, हेही सांगायला पाहिजे.

साहेबांनी मात्र जीपमध्ये बसताना मला ऐकवलं, "तू फार शहाणा आहेस, सुदाम." त्याचा अर्थ मला पुढं समजला. कड्या कधी आल्या नाहीत आणि माझं पक्कं होणंही आलं नाही. दुसऱ्या गढ्या-किल्ल्यांवर माझ्या मागून लागलेले पक्के झाले. मी सन साठ उलटून कितीतरी पुढं कच्चाच राहिलो. क्वार्टर रिकामं पडून होतं, त्याला कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्या जुडग्यात होती. कौतिका नदीवर जात राहिली. ही किंमत मी दिली असं मी लोकांना सांगतो, पण घागर तिच्या डोक्यावर होती.

पुढच्या हिवाळ्यात पुराणिक सर परत आले. पोरं निम्मीच होती. म्हणाले, "आई-बापांना आधीच विचारून आणलीत." दोरी नव्हती. सरांनी चष्मा खिशात ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरांना म्हणाले, चला. बाहेर आल्यावर पोरांनी विचारलं, भुयार कुठं निघतं? सर हसायला लागले.

त्यानंतरच्या दसऱ्याला आमच्या वस्तीनं हट्ट धरला की आम्हालाही गढी दाखव. बापजाद्यांनी जिचा पहारा केला ती माझ्याशिवाय आताच्या कोणी आतून पाहिली नव्हती. दुपारी सगळे आले, म्हातारे, बाया, कडेवर पोरं, पांढरे स्वच्छ कपडे. एवढी मोठी ओळ मी कधी नेली नव्हती. माझ्या मागं पहिली कौतिका. तिनं हात ठेवला. झिऱ्याची वाळू उपसून खरखरीत झालेला हात, सदऱ्यातूनही कळत होता.

आम्ही दारूखान्यात पोचलो. घुमटाखाली सगळे दाटीनं उभे राहिले. मी म्हणालो की जुन्या काळी इथं दिवा नसायचा, आणि कंदील विझवला. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावरून निघाला नाही.

अंधारात कौतिका म्हणाली, "इथं त काईच नाई."

"नाई," मी म्हणालो.

"याच्यासाठी विहीर सोडली तुमी?"

"हो."

तिच्या मनात काय आहे ते मला कळेना आणि विचारायची हिंमत होईना. मग माझ्या खांद्यावरचा हात खाली सरकत माझ्या हातापर्यंत आला आणि तिनं कंदील काढून घेतला.

"आगपेटी द्या," ती म्हणाली. "अन मागं व्हा. आता मले पुढं चालू द्या."

तिनं कंदील लावला, पदर खोचला आणि बाहेरच्या वाटेला निघाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पायरी आली तेव्हा तिचा खांदा वर गेला, आणि मी पाय उचलला.